निर्वासित, आश्रय आणि भारतातला कायदा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कायदा शिकणाऱ्या मुलांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत वेगवेगळे लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर भारतावर आहे. युरोपातल्या निर्वासितांबद्दल मराठीत बरंच वाचायला मिळतं, गोंदिया जिल्ह्यातल्या निर्वासितांबद्दल फारसं नाही.

निर्वासित नेमकं कोणाला म्हणायचं?

१९५१ च्या जिनिव्हा करारात व्याख्या दिलेली आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणामुळे मायदेशात आपला छळ होईल अशी साधार भीती ज्याला आहे, जो देशाबाहेर आहे आणि ज्याला आपल्या सरकारचं संरक्षण मिळत नाही किंवा भीतीपोटी मागता येत नाही, तो निर्वासित. ज्याचा अर्ज अजून निकाली निघायचा आहे तो आश्रयार्थी. नोकरीधंद्यासाठी गेलेला स्थलांतरित.

एक गोष्ट लोकांच्या सहज लक्षात येत नाही. सरकारने शिक्का मारला म्हणून कोणी निर्वासित होत नाही. तो आधीच निर्वासित असतो, शिक्का फक्त ते मान्य करतो. म्हणूनच अर्ज प्रलंबित असताना त्याला परत पाठवायचं नसतं.

युद्धातून पळून आलेला प्रत्येकजण निर्वासित ठरतो का?

१९५१ च्या व्याख्येत युद्ध हा शब्दच नाही. गावावर बॉम्ब पडला एवढ्यावर भागत नाही, वरच्या पाच कारणांपैकी एकाशी धागा जोडावा लागतो. ही उणीव आफ्रिकेतल्या देशांनी १९६९ च्या आपल्या करारात भरून काढली. परकीय आक्रमण किंवा सार्वजनिक व्यवस्था कोसळणं ही कारणंही त्यांनी धरली. लॅटिन अमेरिकेने १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्यात तीच वाट धरली. आशियात असा करार झाला नाही.

युरोपकडे २००१ पासून ‘तात्पुरत्या संरक्षणा’चा नियम होता. युगोस्लाव्हियाच्या युद्धांनंतर तो केला आणि फायलीत ठेवून दिला. २०१५ मध्ये सीरियन लोकांचे लोंढे आले तेव्हा तो कोणाला आठवला नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनियन लोकांसाठी मात्र काही दिवसांत लागू झाला: प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी नाही, लगेच राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. चाळीस लाखांहून अधिक लोकांना त्याचा लाभ मिळाला. मनात आणलं तर सरकारी यंत्रणा किती झपाट्याने हलते हे यातून दिसलं, आणि कोणासाठी मनात आणलं जातं हेही.

मग युक्रेनमधून परतलेले आपले मेडिकलचे विद्यार्थी निर्वासित होते का?

नाही. त्यांच्यामागे भारत सरकार उभं होतं. ‘ऑपरेशन गंगा’मध्ये पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियामार्गे सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले. सीमेवरचे हाल खरेच होते, पण त्यांना परत जायला घर होतं.

याच्या अगदी उलट स्थिती २०२१ मध्ये पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांची झाली. ते रीतसर स्टुडंट व्हिसावर आले होते. ऑगस्टमध्ये काबूल पडलं आणि परतीची वाट बंद झाली. मायदेश सोडताना माणूस निर्वासित नसेल, पण नंतर तिथली परिस्थिती बदलली तर तो परदेशात बसल्या जागी निर्वासित ठरू शकतो. आंतरराष्ट्रीय कायद्याला हे मान्य आहे. भारतात मात्र त्यांना आधार होता तो व्हिसाच्या मुदतवाढीचाच.

मणिपूरमधल्या छावण्यांत राहणारे लोक?

ते अंतर्गत विस्थापित. मे २०२३ पासून सुमारे साठ हजार लोकांना घरं सोडावी लागली, पण सीमा ओलांडलेली नसल्यामुळे निर्वासितांचा करार त्यांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती बंधनकारक नाहीत. २०२४ अखेर जगात सक्तीने विस्थापित झालेल्या १२ कोटी ३२ लाख लोकांपैकी ७ कोटी ३५ लाख असे स्वतःच्याच देशात अडकलेले होते. म्हणजे बहुसंख्य तेच.

भारताने १९५१ च्या करारावर सही का केली नाही?

सरकारने सविस्तर लेखी कारण कधी दिलेलं नाही. त्या वेळच्या चर्चांवरून आणि नंतरच्या वागणुकीवरून अंदाज बांधावा लागतो.

मूळ करार मुख्यतः युरोप डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता: १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांमुळे उखडलेले लोक. फाळणीत इकडून तिकडे गेलेल्या दीड कोटी माणसांचं त्या व्याख्येत कुठेच स्थान नव्हतं. दिल्लीला हा पाश्चात्त्यांचा शीतयुद्धातला खेळ वाटला तर त्यात नवल नाही. १९६७ च्या प्रोटोकॉलने काळाची आणि भूगोलाची अट काढली, पण तोवर भारताची सवय पक्की झाली होती. पुढे १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी लोक आले. भारताने त्यांना सांभाळलं, खर्चासाठी पत्रांवर पाच पैशांचं ‘शरणार्थी सहायता’ तिकीट सक्तीचं केलं (जुन्या पेट्यांत अशी पाकिटं अजून सापडतात), आणि युद्ध संपल्यावर बहुतेकांना परत पाठवलं. सही न करताही आपण हे करू शकतो, मग हात कशाला बांधून घ्यायचे, असा सरकारी विचार दिसतो.

पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान यांनीही सही केलेली नाही. चीनने १९८२ मध्ये केली आहे. सही म्हणजे सगळं आलं असं नाही, हे त्यावरून कळावं.

मग भारतात निर्वासितांसाठी कोणता कायदा आहे?

एकही नाही. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, पण खासगी विधेयकांचं जे होतं तेच झालं.

जो कायदा आहे तो परदेशी माणसाचा. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा, पासपोर्ट आणि नोंदणीचे त्याहून जुने कायदे मोडीत काढून २०२५ चा ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स’ कायदा आला. १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे. त्यात निर्वासित हा वर्गच नाही. पासपोर्ट-व्हिसाशिवाय आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्या माणसावरच आहे. घर जळताना पासपोर्ट न घेता निघालेला आणि पर्यटनाचा व्हिसा संपल्यावर गोव्यात रेंगाळलेला, दोघेही या कायद्यापुढे फक्त परदेशी.

सुटका होते ती सूट देणाऱ्या आदेशांनी, आणि आदेश निघतो गृह मंत्रालयातून, एकेका समूहासाठी. माझ्या मते भारतातल्या सगळ्या निर्वासित धोरणाची गोम इथेच आहे. हक्क म्हणून काही मिळत नाही, मेहेरबानी म्हणून पुष्कळ मिळतं. आणि मेहेरबानी सगळ्यांवर सारखी नसते.

कोणावर किती मेहेरबानी, जरा उलगडून सांगाल का?

तिबेटींपासून सुरुवात करू. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा आले आणि त्यांच्यामागून हजारो लोक. नेहरूंनी जमिनी दिल्या, वेगळ्या शाळा काढल्या. तिबेटी माणसाकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, आरसी. ते ठरावीक मुदतीने नोंदणी कार्यालयातून नवं करून घ्यावं लागतं. परदेशी जायचं तर पिवळ्या रंगाचं ओळखपत्र, त्यावर भारतात परत यायला हरकत नाही असा शिक्का. इथेच जन्मलेली, कन्नड किंवा हिंदी फर्ड बोलणारी पन्नाशीची माणसंही कागदावर परदेशी. खरं तर २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे, आणि ते तिबेटींनाही लागू आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. तरी कित्येकांनी अर्ज केला नाही. काहींना वाटतं नागरिकत्व घेतलं तर तिबेटचा दावा सोडल्यासारखं होईल.

श्रीलंकेतले तमिळ १९८३ च्या दंगलीनंतर आले. तमिळनाडूत आज नव्वद हजारांच्या आसपास आहेत, त्यातले सुमारे ५८ हजार शिबिरांत. महिन्याला रोख मदत, रेशन, मुलांना सरकारी शाळा हे सगळं आहे. पण १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली आणि सहानुभूती एका रात्रीत संशयात बदलली. शिबिरावरचा पहारा वाढला, हजेरी सुरू झाली. आलेली माणसं तीच होती, पण हक्काचा कागद हातात नसला की एका घटनेने सगळं फिरतं.

म्यानमारच्या चिन लोकांची गोष्ट आणखी वेगळी. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर ते तिआउ नदी ओलांडून मिझोरममध्ये आले. केंद्राने सीमेवरच्या राज्यांना कळवलं की घुसखोरी रोखा, कोणाला निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही. मिझोरमचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितलं की हे आमचे रक्ताचे नातेवाईक आहेत, आम्हाला पाठ फिरवता येणार नाही. चर्च आणि यंग मिझो असोसिएशनने धान्य, पत्रे, बांबू गोळा केले, मुलं गावच्या शाळेत बसली. तीस हजारांहून अधिक लोक असे राहिले, केंद्राच्या मान्यतेविना.

रोहिंग्या त्याच म्यानमारचे. १९८२ च्या तिथल्या कायद्याने त्यांचं नागरिकत्वच गेलं. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात कॉक्स बाजारला पळाले. भारतात जे थोडे आहेत त्यांना सरकार ‘बेकायदा स्थलांतरित’ म्हणतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आसामच्या कोठडीतल्या सात जणांना म्यानमारच्या हवाली केलं गेलं. एकाच देशातून आलेले हे दोन समूह. एकाला गावाने घरात घेतलं आणि दुसऱ्याच्या झोपडीवर पोलिसांची गाडी आली. छळ कमी-जास्त होता म्हणून नव्हे.

नागरिकत्व सुधारणा कायद्याने हा प्रश्न सुटला ना?

काहींचा. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन यांच्यापुरता तो कायदा आहे. २०१९ मध्ये झाला, नियम यायला मार्च २०२४ उजाडलं. २०२५ च्या सूट-आदेशात याच समूहांसाठी तारीख ३१ डिसेंबर २०२४ केली, पण ती खटल्यापासून आणि हद्दपारीपासून संरक्षणापुरती, नागरिकत्वासाठी नाही. दोन्हींत गल्लत होते म्हणून मुद्दाम सांगितलं. श्रीलंकेचे तमिळ हिंदू असूनही २०१९ च्या कायद्यात नाहीत, कारण त्यांचा देश यादीत नाही. पाकिस्तानातले अहमदिया किंवा अफगाणिस्तानातले हजारा नाहीत, कारण त्यांचा धर्म यादीत नाही. छळ झाला का, हा प्रश्न अर्जदाराला विचारला जातच नाही.

संविधान परदेशी माणसाला काही देतं का?

देतं. कलम १४ आणि २१ मध्ये ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ असा शब्द आहे. १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं की त्यांच्या जिवाचं रक्षण करा, जमावाला त्यांना हाकलू देऊ नका. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकींच्या बाबतीत सांगितलं की जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत न धाडण्याचं तत्त्व कलम २१ मध्ये सामावलेलं आहे. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारचे पत्रकार आणि त्यांचे कुटुंबीय अशा सात जणांना दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ दिलं.

पण एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी रेघ ओढली: जगण्याचा हक्क सर्वांचा, पण हद्दपार न होण्याचा हक्क राहण्याच्या हक्काला चिकटलेला आहे, आणि तो फक्त नागरिकाचा. रीतसर प्रक्रिया पाळा आणि पाठवा. मे २०२५ मध्ये श्रीलंकेच्या एका तमिळ अर्जदाराला याच न्यायालयाने ऐकवलं की भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे. ती तोंडी टिप्पणी होती, कायदा नव्हे, तरी खालच्या कार्यालयांत अशी वाक्यं निकालपत्रापेक्षा लवकर पोचतात.

संयुक्त राष्ट्रांचं कार्ड म्हणजे काय? ते असलं की झालं?

निर्वासितांसाठीच्या उच्चायुक्तालयाचं मुख्य कार्यालय दिल्लीत आहे, एक कार्यालय चेन्नईत. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ थेट सरकारकडे असतात. अफगाण, म्यानमारचे वगैरे लोक या कार्यालयाकडे जातात. नोंदणी, मग मुलाखत. मुलाखतीत गाव, रस्ता, तारखा, कोण कधी घरात घुसलं हे पुनःपुन्हा विचारलं जातं आणि उत्तरं ताडून पाहिली जातात. हादरलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत, आणि अर्ज नेमका तिथेच अडकतो. दुभाष्याने ‘काका’चा ‘भाऊ’ केला तरी विसंगती म्हणून नोंद होते. मान्यता मिळाली तर कार्ड.

त्या कार्डाला भारतीय कायद्यात बळ नाही. काही पोलीस ठाणी ते मानतात, काही बाजूला सारतात. २०११ च्या कार्यपद्धतीनुसार सरकार पडताळणी करून दीर्घ मुदतीचा व्हिसा देऊ शकतं. तो मिळाला की खासगी नोकरी करता येते, बँक खातं निघतं. तो नसेल तर आधार नाही, आणि आधार नाही म्हणजे सिम नाही, गॅस नाही, भाडेकरार नाही.

महाराष्ट्रात निर्वासित आहेत का?

आहेत, आणि त्यांच्या वस्त्या आपल्याला इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत की तो इतिहास डोळ्यांआड झाला आहे.

उल्हासनगर घ्या. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख लोक ठेवले गेले. ऑगस्ट १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं, पण पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत मात्र हे निर्वासित नव्हते. संविधानाच्या कलम ६ ने त्यांना थेट नागरिक केलं. उल्हासनगर उभं राहिलं त्याचं श्रेय लोक सिंधी माणसाच्या धडपडीला देतात, ते योग्यच आहे. पण पहिल्या दिवसापासून दुकान टाकायला, घर नावावर करायला कागदाची अडचण नव्हती, हेही त्यात धरायला हवं.

कोल्हापूरजवळ वळीवड्याला १९४३ ते १९४८ या काळात जवळपास पाच हजार पोलिश लोक राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. स्टालिनने त्यांना सैबेरिया, कझाकस्तानात हाकललं होतं. तिथून इराणमार्गे ते इथे आले. वळीवड्यात त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा. १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली आणि या लोकांचं सरकारच राहिलं नाही. युद्ध संपलं, आता घरी जा, असं सांगणं सोपं होतं. बहुतेकांनी नकार दिला आणि पुढे ब्रिटन, आफ्रिका, ऑस्ट्रेलियाला गेले. परत जायला घाबरणाऱ्या अशा लाखो युरोपियनांचं काय करायचं या पेचातूनच १९५१ चा करार जन्मला. रिकाम्या झालेल्या त्या छावणीत सिंधी निर्वासित आले. आज तिथे गांधीनगरची कापडाची बाजारपेठ आहे. लग्नाचा बस्ता बांधायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटींची नोर्ग्येलिंग वसाहत आहे, १९७२ पासूनची. हिवाळ्यात गावोगावच्या मैदानांत तिबेटी लोक स्वेटरचे स्टॉल लावतात. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांची गावं आहेत. ते नागरिक आहेत, मतदार आहेत. पण बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेले नामशूद्र महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. पुनर्वसन झालं, जातीचा दाखला वाटेत राहिला.

निर्वासितांच्या मुलांना शाळेत घ्यावं लागतं का? दवाखान्यात?

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी आहे, नागरिकत्वाची अट नाही. कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी दवाखान्यात उपचार मिळतात, योजनांचे लाभ सहसा मिळत नाहीत.

चोरून सीमा ओलांडली म्हणजे गुन्हाच ना?

भारतात हो. १९५१ च्या कराराचं कलम ३१ म्हणतं की थेट धोक्यातून आलेल्या आणि लगेच स्वतःहून हजर झालेल्या माणसाला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. ज्याचं सरकारच त्याच्या जिवावर उठलंय, तो पासपोर्ट कार्यालयात रांग कशी लावणार?

एखादा दहशतवादी निर्वासित म्हणून घुसला तर?

करारात त्याची सोय आहे. युद्धगुन्हेगार आणि गंभीर गुन्हे केलेल्यांना संरक्षण मिळतच नाही, आणि देशाच्या सुरक्षेला धोका असलेल्याला परत पाठवता येतं. पण त्यासाठी त्या एका माणसाची चौकशी करावी लागते. चौकशीची यंत्रणाच नसेल तर खरा गुन्हेगारही सापडत नाही. सुरक्षेच्या बाजूनेही कायदा हवा, असं मला वाटतं ते यामुळेच.

श्रीमंत देश का घेत नाहीत? आपणच कशाला?

जगातले सुमारे ७३ टक्के निर्वासित कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत, बहुतेक शेजारच्याच. श्रीमंत देश दारं लावून घेत आहेत हे खरं आहे. ब्रिटनने आश्रयार्थींना रवांडाला पाठवायची योजना आखली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बेकायदा ठरवली आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने गुंडाळली. तरी तिथे निदान सरकारला कोर्टात खेचता येईल असा कायदा होता.

एजंट म्हणतो, अमेरिकेत पोचून आश्रयाचा अर्ज टाकला की काम होतं. खरं आहे का?

त्याच्या नादी लागू नका. पोचल्यापासून साधारण एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि जाणूनबुजून रचलेली खोटी कहाणी पकडली गेली तर तिथले इमिग्रेशनचे लाभ कायमचे बंद होऊ शकतात. पंचवीस-तीस लाख घेऊन एजंट मोकळा होतो. शिवाय अशा प्रत्येक खोट्या अर्जामुळे खऱ्या अर्जदाराकडे आणखी संशयाने पाहिलं जातं.

माझ्या फ्लॅटमध्ये परदेशी भाडेकरू आहे. मला काय करावं लागतं?

तो निर्वासित असो वा विद्यार्थी, परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत ऑनलाइन माहिती द्यायची असते. लोक तिला ‘फॉर्म सी’ म्हणतात. ती द्या. खोली नाकारायचं कारण म्हणून ती वापरू नका.

ओळखीच्या निर्वासिताला पोलिसांनी नेलं तर?

अटकेचं कारण सांगायला आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला पोलीस बांधील आहेत, माणूस परदेशी असला तरी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. उच्चायुक्तालयाचं कार्ड किंवा नोंदणीचा क्रमांक असेल तर त्याची प्रत वकिलाला द्या आणि दिल्लीच्या कार्यालयाला ईमेलने कळवा. त्याला न समजणाऱ्या भाषेतल्या कोणत्याही कागदावर सही करू नकोस, हे पहिल्या भेटीतच सांगा, आणि दुभाष्याची मागणी लेखी करा.